झाकली मूठ आता उघडा

स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख आणि त्यांच्या विधी विभागांचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

२७ जून २०१८ रोजी कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या संघीय न्यायालयात अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्या वकिलांनी एक छोटासा कागद दाखल केला. आमचं आपसांत मिटलं आहे, उरलेले दावे-प्रतिदावे कायमचे निकाली काढावेत, एवढाच त्याचा आशय. सॅमसंगने आपल्या फोनची नक्कल करून आपली पेटंटं मोडली, या अ‍ॅपलच्या दाव्यावरून हा खटला एप्रिल २०११ मध्ये उभा राहिला होता. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने अ‍ॅपलला सुमारे १०५ कोटी डॉलर देवविले. न्यायाधीश लूसी को यांनी त्यातला बराच भाग बाजूला काढून फेरमोजणीला लावला. २०१३ मध्ये दुसरी ज्युरी बसली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने आणखी कात्री लावली आणि वर्षाअखेरीस सॅमसंगने ५४.८ कोटी डॉलर भरले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी नुकसानभरपाईचा मोठा भाग पुन्हा खाली पाठवला. २०१८ च्या मे महिन्यात तिसऱ्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत तडजोड झाली. ती केवढ्याला झाली, हे मात्र जाहीर झालं नाही.

सात वर्षं सरकारी न्यायालय वापरलं, नोकरीधंदा सोडून आलेल्या सामान्य माणसांना ज्युरीत बसवून फोनच्या कोपऱ्यांची गोलाई मोजायला लावली, आणि शेवटचा आकडा तेवढा खिशात घालून आपण घरी गेलात. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे. मिटवा, जरूर मिटवा. पण केवढ्याला मिटवलं ते सांगा.

लढू नका असं सांगायला मी हे लिहीत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात, पण ते ज्याला वकिलाची फी परवडत नाही त्याच्यासाठी. आपल्याला परवडते. शिवाय पेटंट म्हणजे लबाडी असंही मी मानत नाही. चालत्या गाडीत बोलणं न तुटता एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातं, यामागे कित्येक अभियंत्यांची उमेदीची वर्षं गेलेली असतात आणि त्यांना मोबदला मिळायलाच हवा. प्रश्न त्या मोबदल्याच्या आकड्याचा आहे. तो एखाद्या कौटुंबिक गुपितासारखा का सांभाळला जातो?

पेटंट हा मुळात समाजाशी केलेला सौदा. शोध कसा चालतो हे त्या विषयातल्या माणसाला कळेल असं लिहून द्यायचं, आणि त्या बदल्यात वीस वर्षं इतरांना अडवण्याचा हक्क घ्यायचा. अर्ज साधारण अठरा महिन्यांत प्रसिद्ध होतो आणि कोणीही तो वाचू शकतो. म्हणजे शोध उघडा, त्याची आकृती उघडी, दाव्याचा शब्द न् शब्द उघडा. आणि त्या हक्काची किंमत मात्र कुलुपात. ज्या व्यवस्थेचा पायाच उघड करण्यावर घातला आहे, तिचा शेवट दरवेळी बंद पाकिटात व्हावा हे मला तरी विचित्र वाटतं.

आणि हे एकदा-दोनदा घडलेलं नाही. नोकियाने ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅपलवर दावा लावला, जून २०११ मध्ये मिटला. अ‍ॅपलने मार्च २०१० मध्ये तैवानच्या एचटीसी या फोन कंपनीला न्यायालयात खेचलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये दहा वर्षांच्या परवान्यावर तह झाला. अ‍ॅपल आणि फोनच्या चिप बनवणारी क्वालकॉम यांचं जानेवारी २०१७ मध्ये पेटलं आणि १६ एप्रिल २०१९ ला मिटलं, तेही सॅन डिएगोच्या न्यायालयात वकिलांची सुरुवातीची भाषणं चालू असताना. नोकिया आणि ओप्पो जुलै २०२१ पासून अनेक देशांत झगडत होते. त्यापायी ऑगस्ट २०२२ मध्ये ओप्पोला जर्मनीत फोनविक्री थांबवावी लागली. समेट जानेवारी २०२४ मध्ये झाला. दरवेळी प्रसिद्धीपत्रक निघतं, त्यात दोन्ही पक्षांना आनंद झालेला असतो आणि शेवटी तेच वाक्य: कराराच्या अटी गोपनीय आहेत.

क्वालकॉमच्या बाबतीत एक गंमत झाली. समेटामुळे पुढच्या तिमाहीत ४५० ते ४७० कोटी डॉलरचं उत्पन्न धरू, असं कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं. समभाग विकत घेणाऱ्याला अंधारात ठेवता येत नाही, कारण तसा कायदा आहे. फोन विकत घेणाऱ्यासाठी असा कायदा नाही.

खटला प्रत्यक्ष उभा राहिला की काही गोष्टी बाहेर येतात, हे मान्य. २०१२ च्या सुनावणीमुळेच जगाला कळलं की अ‍ॅपलने २०१० मध्ये सॅमसंगला प्रत्येक स्मार्टफोनमागे ३० डॉलर आणि टॅब्लेटमागे ४० डॉलर दराने परवाना देऊ केला होता, आणि सॅमसंग आपल्या दूरसंचार पेटंटांसाठी आयफोनच्या किमतीच्या २.४ टक्के मागत होतं. त्याच खटल्यात दोन्ही कंपन्यांनी आपले आर्थिक कागद मोहोरबंद राहावेत म्हणून अर्जांचा पाऊस पाडला. न्यायाधीश को यांनी बऱ्याच अर्जांना नकार दिला; रॉयटर्स या वृत्तसंस्थेनेही गोपनीयतेला विरोध केला. तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन कंपन्या हातात हात घालून अपिलात गेल्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये जिंकल्या. सात वर्षांत आपलं एकमत झालेला हा बहुधा एकमेव मुद्दा असावा.

एचटीसीशी झालेला तह याच खटल्यात पुरावा म्हणून हवा होता. सॅमसंगच्या वकिलांना तो पूर्ण दाखवावा, असा आदेश झाला. जनतेसाठी जी प्रत दाखल झाली, तिच्यात पैशाचे आकडे काळ्या पट्ट्यांखाली झाकलेले होते.

या गुप्ततेची मजल कुठवर जाते ते नंतर दिसलं. अ‍ॅपल-नोकिया कराराच्या अटी असलेला एका तज्ज्ञाचा अहवाल सॅमसंगच्या वकिलांनी पुरेसा न झाकता पुढे पाठवला आणि तो कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाती पडला. नोकियाने तक्रार केली आणि जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने त्या वकील कंपनीला खर्च भरायला लावला. आदेश मोडला म्हणजे शिक्षा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण ही गुपितं शेवटी कोणापासून लपून राहतात ते बघा. प्रतिस्पर्ध्याचे वकील ती वाचतात, तज्ज्ञ वाचतात, कधी चुकून अधिकारीही वाचतात. फक्त बाहेरचा माणूस वाचू शकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली पेटंटं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक म्हणजे फोनचा चेहरामोहरा आणि वापरायच्या युक्त्या: सरकवून कुलूप उघडणं, यादीच्या टोकाला पोचल्यावर पडद्याने घेतलेली हलकी उसळी, चिन्हांची मांडणी. यांना बगल देता येते. सॅमसंगने दिलीच. इथला तह गुप्त राहिला तर मी फार आरडाओरडा करणार नाही. (या जातीत किंमत ठरवणं किती अवघड आहे याचा एक जुना दाखला मात्र सांगावासा वाटतो. १८८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गालिच्यांच्या नक्षीच्या नकलेबद्दल सहा सेंट भरपाई दिली, कारण विक्रीतला किती नफा नक्षीमुळे झाला हे सिद्ध झालं नव्हतं. कारखानदार चिडले आणि १८८७ मध्ये कायदाच झाला, की नक्षी चोरणाऱ्याचा त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यायचा. गालिच्यासाठी आखलेला हा नियम सव्वाशे वर्षांनी फोनला लागला आणि १०५ कोटींचा तो आकडा मुख्यतः त्यातूनच फुगला.)

दुसरी जात वेगळी. थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी, वायफाय, व्हिडिओ यांच्या प्रमाणकांत, म्हणजे सगळ्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या सामाईक तांत्रिक नियमांत, जी पेटंटं बसवलेली असतात, त्यांना बगल देता येत नाही. ती टाळली तर फोन नेटवर्कशी बोलणारच नाही. म्हणून युरोपातली एट्सीसारखी प्रमाणक संस्था आपल्याकडून वचन घेते: परवाना न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देऊ. धंद्यातल्या बोलीत, फ्रँड. अमुक पेटंट प्रमाणकासाठी खरंच अपरिहार्य आहे का, हे एट्सी तपासत नाही. आपण जाहीर करता आणि त्याची नोंद होते. राहिला आधार वचनाचा. त्यातला तिसरा शब्द नीट वाचा. भेदभाव होत नाही हे कळायचं कसं? शेजारी किती देतो हे माहीत असल्याशिवाय आपल्याला जास्त लावलं की कमी, हे जगातला कोणताही परवानाधारक सांगू शकणार नाही. देणाऱ्या कंपनीकडे वीस-पंचवीस करार असतात, घेणाऱ्याकडे फक्त स्वतःचा. डावात एकाच खेळाडूला सगळ्यांचे पत्ते दिसत असतील तर त्याला वाटाघाट म्हणवत नाही. अ‍ॅपल किंवा सॅमसंग यांना या अंधारात चाचपडायला हजार वकील ठेवता येतात. नव्याने धंद्यात उतरलेली छोटी कंपनी मात्र पहिल्या पत्रातला आकडा मान्य करते किंवा गाशा गुंडाळते.

मोठ्यांचंही या अंधारात काही भलं झालेलं दिसत नाही. मोटोरोलाने वायफाय आणि व्हिडिओच्या पेटंटांसाठी मायक्रोसॉफ्टकडे वस्तूच्या किमतीच्या २.२५ टक्के मागितले. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ते वर्षाला ४०० कोटी डॉलरवर जात होते. सिअ‍ॅटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी एप्रिल २०१३ मध्ये निकाल दिला तो वर्षाला सुमारे १८ लाख डॉलरचा. व्हिडिओच्या पेटंटांसाठी वस्तूमागे एका सेंटच्या जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त, आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी वायफायचे साडेतीन सेंटही नाहीत. मागणी आणि निकाल यांत दोन हजार पटींहून अधिक तफावत. अशा तफावतीला घासाघीस म्हणणंही जड जातं. आता न्यायाधीशांना हिशेब मांडता आला तो कशाच्या बळावर? व्हिडिओच्या त्याच प्रमाणकाची इतर अनेक कंपन्यांची पेटंटं एमपीईजी एलए या सामाईक साठ्यात होती आणि त्या साठ्याचं दरपत्रक जाहीर होतं: वर्षाला पहिले एक लाख नग मोफत, पुढे नगामागे २० सेंट, पन्नास लाखांनंतर १० सेंट. उघडा दर एका ठिकाणी होता, म्हणून झाकलेल्या दराचं माप काढता आलं.

जिथे असा उघडा दर नसतो तिथे काय होतं, तेही पाहून झालं आहे. लंडनमध्ये इंटरडिजिटल आणि लेनोवो यांच्या वादात पेटंटवाली इंटरडिजिटल ३३.७ कोटी डॉलर मागत होती, फोन विकणारी लेनोवो ८ कोटी देत होती. न्यायाधीशांनी पक्षकारांचे जुने करार एकेक करून सोलले, त्यातला एलजीशी २०१७ मध्ये झालेला करार सर्वांत जवळचा मानला आणि मार्च २०२३ मध्ये १३.८७ कोटी ठरवले, म्हणजे नगामागे साडेसतरा सेंट. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तेच करार पुन्हा सोलले आणि दर साडेबावीस सेंटवर नेला. ऑप्टिस विरुद्ध अ‍ॅपलमध्ये तर कमाल झाली. ऑप्टिस फोन बनवत नाही. एरिक्सन, एलजी अशांकडून आलेली पेटंटं तिच्याकडे आहेत. २०२३ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं ५.६४ कोटी डॉलर. मे २०२५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं ५०.२ कोटी. पेटंटं तीच, फोन तेच आणि रक्कम जवळजवळ नऊपट. न्यायाधीशांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. आपण त्यांच्यापुढे असे करार ठेवता ज्यांत एकरकमी रक्कम, मागची थकबाकी, पुढची सूट, एकमेकांना दिलेले परवाने असं सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि नगामागचा दर कुठेच लिहिलेला नसतो. तो कदाचित हेतुपुरस्सरच लिहिलेला नसतो.

मग फोनच्या किमतीत पेटंटांचा वाटा किती, या साध्या प्रश्नालाही उत्तर उरत नाही. २०१४ मध्ये इंटेलशी संबंधित आणि इतर वकिलांनी मिळून लिहिलेल्या एका निबंधाने जाहीर मागण्यांची बेरीज केली आणि ४०० डॉलरच्या फोनवर १२० डॉलरहून अधिक रॉयल्टी चढू शकते असं म्हटलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाने परवाने देणाऱ्यांची प्रत्यक्ष मिळकत धरली आणि सरासरी साडेतीन टक्क्यांच्याही आत असल्याचं दाखवलं. एक म्हणतो जवळपास तिसरा हिस्सा, दुसरा म्हणतो तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. दोघंही आपापल्या परीने खरं सांगत असतील. एकाने मागितलेलं मोजलं, दुसऱ्याने मिळालेलं. फाइव्हजीचे दर ठरवायला बसलेल्या कोणत्याही सरकारी समितीपुढे हे दोन्ही कागद येणार, आणि ज्याला जो सोयीचा तो तो वाचणार.

आपलं उत्तर मला ठाऊक आहे: आम्ही दर जाहीर केलेच आहेत की. हो, केलेत. एरिक्सनने २०१७ मध्ये फाइव्हजीच्या महागड्या फोनमागे ५ डॉलर आणि स्वस्तातल्यामागे अडीच डॉलरपर्यंत खाली, असं सांगितलं. नोकियाने २०१८ मध्ये कमाल ३ युरो. ह्वावेने २०२१ मध्ये कमाल अडीच डॉलर. क्वालकॉमने टक्केवारी जाहीर केली. हे पाऊल चांगलं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हे मागायचे दर आहेत. प्रत्यक्षात कोणी किती भरलं हे त्यांतून कळत नाही, आणि मागणी व निकाल यांत केवढी दरी पडू शकते ते वर आलंच आहे.

दुसरं उत्तर म्हणजे व्यापारी गुपित. आमचा दर कळला की पुढचा ग्राहक तेवढाच मागेल. मागू दे की! ‘भेदभावरहित’ असं वचन आपणच दिलं आहे ना? किंमत उघडी पडल्याने धंदा बसतो, हेही मला पटत नाही. २०११ मध्ये दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या दूरसंचार कंपनीची सुमारे सहा हजार पेटंटं न्यायालयाच्या देखरेखीखाली लिलावात निघाली आणि ४५० कोटी डॉलरला अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, एरिक्सन वगैरेंच्या गटाने घेतली. आकडा जगभर छापून आला. गूगलने तर एका फेरीत गणितातल्या ‘पाय’ या संख्येच्या किमतीची, ३.१४१५९ अब्ज डॉलरची बोली लावल्याची बातमीही आली. कोणाचंही त्यामुळे काही बिघडलं नाही.

तिसरं उत्तर अधिक वजनदार आहे: प्रत्येक करार वेगळा असतो. दोन्हीकडे पेटंटं असली की हिशेब वजावटीचा होतो, आणि नुसता आकडा बाहेर पडला तर लोक चुकीचा अर्थ काढतील. हे खरं आहे. म्हणून नुसता आकडा नको, तो कसा काढला तेही द्या: किती नग, कोणती पिढी, किती वर्षं, समोरच्या पक्षाच्या पेटंटांचे किती वजा केले. ही गणितं आपल्याकडे असतातच; न्यायालयात आपले तज्ज्ञ तीच शपथेवर मांडतात.

कायद्याने हे करून घ्यायचा एक प्रयत्न झाला होता. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने मसुदा आणला: प्रमाणकांच्या पेटंटांची नोंदवही, ती खरंच अपरिहार्य आहेत का याची नमुना तपासणी आणि एकूण रॉयल्टीचा अंदाज. पेटंटवाल्या कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तो मागे घेत असल्याचं सांगितलं. त्या मसुद्यात दोष होते, विशेषतः दावा लावण्याआधी महिनोन्‌महिने थांबायला लावणारी तरतूद मलाही पटली नव्हती. पण नोंदवही बुडाली हे वाईट झालं. आता सरकार करणार नसेल तर आपण करा, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे, कोणत्या मंत्र्याला नाही.

चालू करार आज उघडा असं मी म्हणत नाही. त्याला आपण तयार होणार नाही हे मला कळतं. मुदत संपलेल्यांपासून सुरुवात करा. अ‍ॅपल आणि एचटीसी यांचा दहा वर्षांचा परवाना नोव्हेंबर २०१२ चा, म्हणजे त्याची दहा वर्षं २०२२ मध्येच भरली. दरम्यान एचटीसीने आपल्या फोन विभागाची बरीच माणसं ११० कोटी डॉलरच्या व्यवहारात गूगलकडे सोपवली. त्या दरावर आज कोणाची वाटाघाट अडलेली असणं अवघड आहे. करार न्यायालयाच्या दप्तरात आहेच, फक्त आकड्यांवर काळ्या पट्ट्या आहेत. त्या काढायला हरकत नाही, असा दोन ओळींचा अर्ज दोन्ही कंपन्यांनी मिळून सॅन होजेला पाठवावा. तिथला पत्ता आपल्या वकिलांना तोंडपाठ असेल.

कळावे,
आपल्या फोनांचा एक ग्राहक